चित्रकार तेथे होता काय? : ऐतिहासिक प्रसंगचित्रांच्या घडणीविषयी काही विचार

( १ )

इतिहासाच्या साधनांची छाननी कशी करावी, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, बखर कोणी व कोणासाठी लिहिली, शिक्का खरा की बनावट, मितीशी वार जुळतो की नाही, हे प्रश्न नवशिक्या अभ्यासकाच्याही जिभेवर आले आहेत. परंतु सामान्य मराठी वाचकाच्या मनातला इतिहास ज्या साधनाने प्रत्यक्ष घडविला, त्याची अशी छाननी आमच्या पाहण्यात फारशी आली नाही. हे साधन म्हणजे पुस्तकांत, मासिकांत व शाळेच्या भिंतींवर झळकलेली प्रसंगचित्रे. शिवछत्रपतींचा दरबार म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे सभासदाची बखर येत नाही, चित्र येते. ते चित्र कोणी, कोठे बसून, काय पाहून व किती दिवसांत काढले, हे विचारण्याचे मात्र कोणास सुचत नाही.

आम्हांसही ते सुचले नव्हते. ते एका विद्यार्थ्याने सुचविले, आणि त्याबद्दल त्या वेळी आम्ही त्यास गप्प बसविले. परळ भागातील एका शाळेत आम्ही अनेक वर्षे संस्कृत व इतिहास शिकविला. आमच्या वर्गात राज्याभिषेकाचे एक छापील चित्र टांगलेले होते. वेताच्या छडीचे टोक त्या चित्रावर टेकवून "हे पाहा, असा दरबार भरला होता," असे आम्ही सांगत होतो. तोच मागच्या बाकावरून गिरणीकामगाराचा एक मुलगा उठला व म्हणाला, "सर, चित्र काढणारा तिथे होता का?" वर्ग हसला. आम्ही रागावून त्यास खाली बसविले. उत्तर दिले नाही, कारण आमच्यापाशी ते नव्हते.

तोच विद्यार्थी पुढे चित्रकार झाला. तो कोणाच्या नोकरीत नाही. पुस्तकांची मुखपृष्ठे, बालवाङ्मयातील चित्रे व दिवाळी अंकांची सजावट यांवर त्याचा चरितार्थ चालतो. वडाळ्यास पाच उद्यानांच्या पलीकडे एका जुन्या इमारतीत तो राहतो. गेल्या आषाढी एकादशीस आम्ही वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात दर्शनास गेलो असता तो यात्रेच्या गर्दीत भेटला व आग्रहाने घरी घेऊन गेला. तेथे त्याने एक पाठ्येतर पुस्तक आमच्या हाती ठेविले. त्यातील एका चित्राखाली 'शिवकालीन चित्र' अशी ओळ छापली होती. चित्रात सदर होती, तक्क्याला टेकून बसलेला सरदार होता, बाजूस समई होती. तो म्हणाला, "सर, हे बारा वर्षांपूर्वी मी काढलं. याच खोलीत. ही समई आमच्या आईची आहे." समई कोनाड्यातच होती. तिच्या बैठकीस एक पोचा पडला आहे, आणि तो पोचा चित्रातही जसाच्या तसा उतरला आहे. कोणा प्रकाशकाने जुन्या पुस्तकातून ते चित्र उचलले, चित्रकाराचे नाव गाळले व वर तीनशे वर्षांचे वय बहाल केले. मोबदला बुडाला याचे त्यास दुःख होतेच, परंतु त्याच्या तोंडून निघालेला प्रश्न निराळा होता. "मी तिथे नव्हतो, सर. हे आता कोणाला सांगू?"

प्रस्तुत लेख हे त्या दोन प्रश्नांस दिलेले उशिराचे उत्तर होय.

( २ )

चित्रकाराची कार्यपद्धती हा विषय आपल्या परंपरेस नवा नाही. विष्णुधर्मोत्तरपुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजास सांगतात की, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणे कठीण. म्हणजे चित्रकाराने आधी हालत्या देहाचा अभ्यास केला पाहिजे. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत आकारांतील भेद, मापे, भाव, लावण्य व रंगांची योजना यांच्या जोडीस सादृश्य हे एक अंग आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात तर कारखान्याचा तपशील आहे. म्हशीचे कातडे शिजवून करावयाचा वज्रलेप, पहिल्या आराखड्यासाठी वर्तिका, बारीक कामासाठी वासराच्या कानातील केसांची लेखणी, अशी ही सामग्री आहे. शास्त्रकारांस चित्र हे आकाशातून पडत नाही, ते क्रमाक्रमाने घडते, हे पक्के ठाऊक होते.

परंतु चित्रकार काम करीत असता त्याच्या मनात काय चालते याचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत जिवंत वर्णन कालिदासाचे आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत स्वतः काढलेले शकुंतलेचे चित्र पाहात बसतो. चित्र पुरे झालेले नाही. अजून काय काढावयाचे राहिले ते तो विदूषकास सांगतो: मालिनी नदी, तिच्या वाळूतील हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरिणे, वल्कले वाळत घातलेला वृक्ष. कानावरचे शिरीषाचे फूल राहून गेले, हेही त्यास स्मरते. नदी, हरिणे, वृक्ष ही यादी ऐकून विदूषक मनाशी म्हणतो की, हा आता लांब दाढ्यांच्या तापसांच्या झुंडींनी उरलेला फलक भरून टाकणार! विनोद सोडून दिला तर येथे चित्रकाराच्या कामाचे दोन भाग स्पष्ट वेगळे झालेले दिसतील. शिरीषाचे फूल हा स्मरणाचा भाग आहे. ते तेथे होते, आणि राजाने ते पाहिले होते. विदूषकाला वाटणारे तापस हे फलक भरण्यासाठी आहेत. ते तेथे असतील वा नसतील, मोकळी जागा मात्र भरून निघते.

दुष्यंत तेथे होता. प्रसंगचित्रकार तेथे नसतो. म्हणून त्याचे शिरीषाचे फूल कोणते व त्याचे तापस कोणते, हे निवडून काढणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.

( ३ )

मुंबईत छापील चित्राचा संसार थाटला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी १४ पौराणिक चित्रे रंगविली, आणि त्यांच्या लोकप्रियतेनंतर १८९४ साली मुंबईस गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे हा कारखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. शिळाछापात प्रत्येक रंगास निराळी शिळा लागते, आणि रविवर्म्यांचे तैलचित्र पाहून ते शिळांवर उतरविणारे कारागीर निराळे असत. अर्थात घरोघर पोहोचलेली लक्ष्मी व सरस्वती ही एका हाताची कृती नव्हती. मूळ चित्रकार, शिळेवरचा नक्कलकार व छापणारा असे तीन हात तिच्यावरून फिरलेले असत. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाच्या चुका जो अभ्यासक ताडून पाहतो, त्याने या नकलेकडेही तशाच डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

याच कारखान्यात काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी पुढे लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. त्यात पुरुषोत्तम विश्राम मावजी हे भागीदार झाले, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हे नाव पडले, आणि छापखाना मुंबईस दादरला आला. १९०९ साली फाळके जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची यंत्रे घेऊन आले. 'सुवर्णमाला' या मराठी-गुजराती मासिकातील या छापखान्याची चित्रे लोकांस फार आवडली. पुढे भागीदारांशी न पटल्यामुळे फाळके तेथून बाहेर पडले व चलच्चित्रांकडे वळले, हे सर्वश्रुत आहे. आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते मावजींकडे. सुवर्णमालेचे हेच मावजी दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यासह सातारकर छत्रपती व पेशवे यांच्या सनदा-पत्रांचा संग्रह संपादित करतात, आणि तो १९१३ साली प्रसिद्ध होतो. म्हणजे कागद छापणारा आणि चित्र छापविणारा हा येथे एकच गृहस्थ आहे. कागदाची छाननी करणारी शाळा आपण उभी केली, चित्राची मात्र केली नाही. दोन्ही एकाच घरातून बाहेर पडली होती.

( ४ )

सुवर्णमालेसाठी ज्यांनी चित्रे काढली त्यांत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे प्रमुख होत. त्यांचा जन्म कोल्हापुरास १८ मार्च १८६७ रोजी झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले, आणि १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. ते १९४० साली प्रसिद्ध झाले. १९४४ साली त्यांचे देहावसान झाले.

धुरंधर सरकारी नोकरीत होते हे खरे, परंतु प्रसंगचित्रांचा त्यांचा व्याप नोकरीबाहेरचा होता, आणि त्या दृष्टीने ते स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मराठी प्रसंगचित्रकारांचे आद्य पुरुष ठरतात. १९०३ च्या सुमारास त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. त्यांत मुंबईच्या रस्त्यावरील नाना जातींची व धंद्यांची माणसे दिसतात. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात (१९१२) त्यांची चित्रे आहेत. किंकेडसाहेबांनी आपल्या श्रावणातील कहाण्या इंग्रजीत आणून 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) हे पुस्तक केले, त्यातही त्यांचीच चित्रे आहेत. ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील व समाजांतील स्त्रियांची रंगीत चित्रे काढली. ग्राहक निराळे, विषय निराळे, वाचक निराळे, हात मात्र एक.

या हाताची सवय कोणती? आमच्या मते पहिली सवय म्हणजे अखंड रेखाटन. धुरंधरांची पेन्सिलीची व जलरंगांची रेखाटने मोठ्या संख्येने शिल्लक आहेत, आणि २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यांत पागोट्याचा पेच, नऊवारी लुगड्याचा काष्टा, उकिडवे बसलेल्या माणसाचे गुडघे, ओझे घेऊन चालणाऱ्याची मान असले विषय दिसतात. हे सर्व एखाद्या ठराविक चित्रासाठी काढलेले नाही. सुगरण पावसाळ्याआधी घर भरून ठेवते, तशी ही बेगमी आहे. मागणी आली की तीतून काढावयाचे.

दुसरी सवय इतिहासाच्या अभ्यासकास अधिक मोलाची आहे. आपल्या अनेक रेखाटनांवर धुरंधर सही करीत व तारीख घालीत. बखरकारास जे सुचले नाही ते या चित्रकाराने सहज केले: स्वतःच्या कामाची शकावली ठेविली. या तारखांच्या आधारे एखादे पागोटे त्यांनी प्रत्यक्ष केव्हा पाहिले व मोठ्या चित्रात केव्हा वापरले, हे ताडून पाहता येईल. कलेच्या जाणकारांनी ते काही अंशी केलेही असेल, परंतु इतिहासाच्या अभ्यासकांनी ते अंगावर घेतलेले नाही.

तिसरी गोष्ट सवयीपेक्षा सक्तीची होय. चित्र शेवटी ठशातून जावयाचे असते. रेषेच्या ठशास ठळक काळी रेषा लागते. त्यात करडी छटा उतरत नाही. छटेचे चित्र हवे तर जाळीतून फोटो घेऊन ठिपक्यांचा ठसा करावा लागतो, आणि रंगीत चित्रासाठी पिवळा, तांबडा व निळा असे निरनिराळे ठसे एकावर एक नेमके बसवावे लागतात. ठसा करताना चित्र लहान होते, म्हणून चित्रकार मूळ चित्र छापील आकाराहून मोठे काढतो व बारीक तपशील वगळतो. कागद हलका असला तर शाई पसरते व बारीक रेषा बुजते. अंगरख्यावरील वेलबुट्टी एखाद्या छापील चित्रात नसेल, तर ती त्या काळी नव्हती असे अनुमान कोणी काढू नये. ठसेवाल्याने ती खाल्ली असण्याचा संभव अधिक.

( ५ )

आता आमच्या वर्गातील भिंतीकडे परत येऊ. धुरंधरांनी राज्याभिषेकाच्या दरबाराचे जे प्रसिद्ध चित्र काढले आहे, त्यात शंभराहून अधिक माणसे आहेत, आणि सिंहासनासमोर इंग्रज वकील लवून मुजरा करताना दिसतो. यातील कशाला आधार आहे?

राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे प्रत्यक्ष हजर होता, आणि त्याची नोंद उपलब्ध आहे. दुभाषी नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांची दृष्टी तिकडे गेली व त्यांनी वकिलास सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत जवळ बोलाविले, असे तो सांगतो. सिंहासनाखालच्या पायरीवर युवराज संभाजीराजे, मोरोपंत पेशवे व एक श्रेष्ठ ब्राह्मण बसले होते, बाकीचे उभे होते. दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मोठी मत्स्यमुखे, घोड्यांची पुच्छे व न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू होता. ही सारी चित्रकारास लाभलेली शिरीषाची फुले होत. सभासदाने वीसएक वर्षांनी लिहिलेल्या बखरीत ३२ मण सोन्याच्या सिंहासनाचे व अष्टप्रधानांचे वर्णन येते. त्याचा मान मोठा, परंतु ते स्मरण आहे व आदराने उजळलेले आहे, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

एवढे साहित्य घेऊन चित्रकार फलकासमोर बसला की पहिल्याच घटकेत त्यास अडचण येते. ऑक्झिंडेनने पाहिले ते लिहिले, परंतु चित्रास जे लागते ते सर्व लिहिले नाही. तिसऱ्या रांगेत कोण उभे होते? त्यांच्या पागोट्यांचे रंग कोणते? बिछायतीवर नक्षी कसली? उजेड कोणत्या बाजूने येत होता? लेखक अशा ठिकाणी मौन धरू शकतो. बखरकार 'इत्यादी' म्हणून पुढे जातो. चित्रकारास 'इत्यादी' काढता येत नाही. त्यास प्रत्येक चौरस बोटावर काही तरी ठेवावेच लागते. हाच लेखन व चित्र यांतील मूलभूत भेद होय, आणि त्यातूनच सारा घोटाळा उत्पन्न होतो. चित्रकाराची बेगमी येथे कामी येते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत, लग्नात व रस्त्यात पाहिलेली तोंडे सतराव्या शतकातील रायगडावर जाऊन उभी राहतात, असे आमचे अनुमान आहे. यात धुरंधरांचा दोष यत्किंचितही नाही. आपण तेथे होतो असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. ते म्हटले आमच्यासारख्या छडी टेकविणाऱ्यांनी.

मथळ्याचे सामर्थ्य किती असते याचे उदाहरण याहून जुने आहे. भलत्याच पुरुषाचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून पुष्कळ काळ चालले. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र पुढे आणले, तेव्हा हा भ्रम दूर होऊ लागला. चित्र खोटे नव्हते, त्याखालची ओळ खोटी होती. वडाळ्याच्या त्या समईचीही गत तीच.

( ६ )

नोकरीचा आधार न घेता केवळ चित्रांवर जगणाऱ्यांची पिढी गिरगावात उभी राहिली ती १९४० च्या सुमारास. तिची वाट दिवाळी अंकांनी मोकळी केली होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला आणि मराठी वाचनास एक ऋतू मिळाला. चित्रकाराच्या वर्षासही तोच ऋतू चिकटला. अंक दिवाळीपूर्वी हाती पडावयाचा तर चित्रे श्रावण-भाद्रपदातच पुरी व्हावयास हवीत. त्यामुळे सारे काम चार महिन्यांत कोंबले जाते व उरलेले आठ महिने येणे वसूल करण्यात जातात, असे आमचा विद्यार्थी म्हणतो.

या पिढीत दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) व रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) ही दोन नावे अग्रगण्य होत. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी मुंबईच्या कलाशाळेची पदविका घेतली, पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला व १९४५ साली 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केले. या शेवटच्या गोष्टीचे मर्म आम्हांस असे वाटते की, दुसऱ्याच्या मजकुरास, दुसऱ्याच्या मापास व दुसऱ्याच्या तारखेस बांधलेल्या चित्रकाराने स्वतःचे पान मिळविण्यासाठी योजलेला हा उपाय होता. त्यांची रेषा जाड-बारीक होत जाणारी, कुंचल्याची. ती ठशातून जाऊनही मरत नाही. मजकुराप्रमाणे शैली बदलणे हा त्यांचा विशेष होता. मुळगांवकरांनी फवाऱ्याने रंग उडविण्याच्या तंत्राने मऊ, सांधा न दिसणारी छटा साधली. त्यांच्या देवदेवता दिनदर्शिकांवरून घरोघर गेल्या, आणि त्याच हाताने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगली. एकाच आठवड्यात देवाचे ध्यान व खुनाचा प्रसंग काढण्याची पाळी ज्यावर येते, त्याची वृत्ती केवढी लवचीक असावी लागते, याचा विचार टीकाकारांनी करावा.

बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'त दलालांची चित्रे आहेत. ती पाहात पाहात मराठी मुलांच्या दोन पिढ्या वाढल्या. या चित्रांची बैठक, आधार व कल्पना यांची फोड करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते चित्रकाराची कच्ची रेखाटने पाहिल्यावाचून होणे नाही.

( ७ )

आमच्या विद्यार्थ्याची कामाची रीत आम्ही त्या दिवशी व त्यानंतर तीन वेळा जाऊन पाहिली. काळ बदलला आहे, शाईच्या दौतीच्या जागी पडदा व त्यावर चालणारी लेखणी आली आहे, परंतु क्रम बहुतेक तोच आहे. प्रथम तो मजकूर दोनदा वाचतो. पहिल्या वेळी हातात काही धरीत नाही, दुसऱ्या वेळी ज्या वस्तूंचा उल्लेख आहे त्यांखाली रेघ ओढतो. नंतर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत आठ-दहा आराखडे काढतो. त्यांत माणसे म्हणजे केवळ काळे ठिपके असतात. काळ्या-पांढऱ्याचा तोल एकदा साधला की मग मोठ्या कागदावर पेन्सिलीने मांडणी करतो. बसणाऱ्याचा कोन चुकला तर शेजारच्या मुलास दोन मिनिटे बसवितो. हे सर्व कागदावर. पडद्याकडे तो त्यानंतर वळतो. पहाटे पाणी येते तेव्हा उठतो व इमारत जागी होईपर्यंत कठीण भाग उरकतो. दुपारी फक्त रंग भरतो, कारण त्या वेळी फोन वाजत असतात.

"अडतं कुठे?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "जिथे पुस्तकात काही नसतं तिथे. मग घरातली वस्तू बघून काढतो. लोकांना चित्रात भोक चालत नाही." आईची समई शिवकालात गेली ती अशी.

त्याच्या खोलीत कच्च्या कागदांचे दोन गठ्ठे होते. तिसरा मागील पावसाळ्यात गळतीने भिजला व रद्दीत गेला. त्यांचे मोल त्यास वाटत नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पूर्वी वाटले नसते. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी दप्तरातील रुमाल फाडले जात, तो काळ ऐकून आपण हळहळतो. आपल्या डोळ्यांदेखत तेच चालले आहे.

( ८ )

वरील विवेचनावरून आम्ही तीन सूचना करतो.

पहिली. कोणतेही प्रसंगचित्र साधन म्हणून वापरण्यापूर्वी त्यास चार प्रश्न विचारावेत: ते कोणी व केव्हा काढले? चित्रकारापुढे कोणता मजकूर होता? कोणता भाग प्रत्यक्ष पाहून व कोणता फलक भरण्यासाठी आला? आणि छपाईत काय गळले? या चार प्रश्नांनी चित्राची किंमत कमी होत नाही. उलट धुरंधरांचा दरबार सतराव्या शतकाचा पुरावा नसला, तरी विसाव्या शतकारंभीच्या मराठी मनाने रायगड कसा पाहिला याचा तो अव्वल दर्जाचा पुरावा ठरतो.

दुसरी. इतिहाससंशोधन करणाऱ्या संस्थांनी प्रसंगचित्रकारांची कच्ची रेखाटने, प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार व ठशांच्या पहिल्या छापा मिळवून जतन कराव्यात. यास दप्तरखान्यातील एक फडताळ पुरे. उशीर केला तर रद्दीवाला आपल्या आधी पोहोचेल.

तिसरी सूचना शिक्षकांस आहे, आणि ती स्वतःस ठेच लागल्यावर केलेली आहे. वर्गातील चित्रावर छडी टेकवून "असे होते" म्हणू नये. "असे असावे असे अमक्या चित्रकारास वाटले" असे म्हणावे. वाक्य लांबते, परंतु मागच्या बाकावरील मुलगा खाली बसत नाही.

लेख संपविण्यापूर्वी एक वृत्त नमूद करणे अवश्य आहे. एका बालपुस्तकासाठी राज्याभिषेकाचेच चित्र काढण्याचे काम आमच्या त्या विद्यार्थ्याकडे नुकतेच आले आहे. आम्ही ऑक्झिंडेनच्या नोंदीचा मराठी सारांश त्यास लिहून दिला. मागील भेटीत त्याने पेन्सिलीची मांडणी दाखविली. कागदाच्या समासात बारीक अक्षरांत नोंदी होत्या. मत्स्यमुखांपुढे 'वकिलाची नोंद', सिंहासनापुढे 'सभासद', अंगठी उंच धरलेल्या नारायण शेणव्यापुढे पुन्हा 'वकिलाची नोंद'. तिसऱ्या रांगेतील माणसांपुढे त्याने 'शेजारी' असे लिहिले होते. एका कोपऱ्यात, जेथे पूर्वी त्याने समई काढली असती, तेथे जागा मोकळी होती व समासात 'ठाऊक नाही' एवढेच दोन शब्द होते.

प्रकाशक ती जागा मोकळी ठेवू देईल असे त्यास वाटत नाही, आम्हांसही वाटत नाही. परंतु तो समासाचा कागद त्याने आम्हांस देऊ केला आहे. तो भिजू नये अशा ठिकाणी ठेविला जाईल, एवढी जबाबदारी आम्ही घेतली आहे.